रा-किरण

दोनशे पानी वही, रेघांची.
बिनरेघांची सात रुपयांनी महाग होती,
म्हणून रा-किरणच्या पोटातून आजही
निळ्या रेघा जातात.

वय पंधरा. पत्ता कारेलीबाग, टाकीच्या मागे.
खरं नाव किरण फणसे, गणितात कच्चा,
घरात मराठी, गल्लीत गुजराती,
आणि मिसरच्या देवांशी नुसते हातवारे,
कारण ती भाषा मला येत नव्हती
आणि संवाद लिहिणाऱ्या हेमांग पटव्याला तर
ऱ्हस्वदीर्घही येत नव्हतं.

शक्ती कशी आली, ते पान दोनवर आहे.
कमाटीबागेतलं म्युझियम, शाळेची सहल,
ममीच्या काचेला नाक लावून उभा किरण.
त्याच्या श्वासाची वाफ काचेवर बसते
आणि आतून कुणीतरी
ती वाफ पुसतं.
मागून शिपाई: ए छोकरा, आघो खस!

होरसची नजर त्याला मिळाली मांडवीवरच्या घारीकडून.
थॉथची अक्कल, उकिरड्यात बाकदार चोच खुपसून
काहीतरी गंभीर वाचत असणाऱ्या शराटीकडून.
सोबेक तर आमच्या गावचाच,
विश्वामित्रीच्या गाळात ऊन खात पडलेला,
पुलावरून त्याला पोरं शेंगा मारत.
अनुबिस शोधावाच लागला नाही.
सोसायटीच्या फाटकाशी झोपायचा तो, काळाभोर,
एक कान ताठ, एक बाइकखाली आल्यापासून अर्धा.
वॉचमन रणछोडकाका त्याला कालू म्हणत.
मी चित्रात दोन्ही कान पूर्ण काढले.

प्रत्येक लढाईनंतर नियम एकच:
खंडेराव मार्केटात शांताबेन भाजीवालीकडे जायचं,
छातीतून हृदय काढून पारड्यात ठेवायचं.
दुसऱ्या पारड्यात पारव्याचं एक पीस.
हृदय जड भरलं तर शक्ती परत,
आणि वर कोथिंबीरही नाही.
सोळा पानं तो हलकाच भरत आला.

मग त्या ऑगस्टमध्ये नदी सोसायटीत आली.
आधी पार्किंग, मग मीटरचे डबे,
मग रणछोडकाकांची खुर्ची तरंगत फाटकाबाहेर.
काका त्यांच्या मुलीकडे वाघोडियाला अडकलेले.
केबिनच्या पत्र्यावर कालू.
आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मेणबत्ती, लिलो चेवडो,
खाली स्कूटरींच्या मधून
एक लांबट काळं काहीतरी सावकाश गेलं.

तो रात्रभर भुंकत होता.
भुंकत म्हणजे, आधी भुंकत.
आमच्या माळ्यावर दोरी होती. शिडीही होती.
उतरता आलं असतं की नाही, मला माहीत नाही,
मी गॅलरीचं दार उघडून पाहिलंच नाही.
मोबाइलमध्ये अठरा टक्के होते.
इयरफोन घातले
आणि टॉर्चच्या उजेडात पान सोळा पूर्ण केलं:
मगरीच्या पाठीवर पाय रोवून
रा-किरण अख्खं बडोदं वाचवतो.
माझं सगळ्यात चांगलं चित्र.
पाण्याच्या लाटा तर खूपच जमल्यात.

सकाळी पत्रा रिकामा.
चौथ्या दिवशी मगर सापडली, जिन्याखाली.
दोन पोरांनी तिचं तोंड पट्टीने बांधलं
आणि मध्ये आडवी घेऊन
स्कूटरवरून नेली, हॉर्न वाजवत.
रणछोडकाका चिखल उपसत होते.
मान वर न करता म्हणाले,
रात्री कालूचा आवाज आला होता का रे, बेटा?

ना, काका.

पान सतरावर मार्केट काढलंय.
वांगी, दुधी, तुरीच्या ओल्या शेंगा,
शांताबेनच्या कपाळावरचं गोंदण,
डाव्या पारड्यात हृदय, उजव्यात पीस.
फक्त काटा काढलेला नाही.
हेमांग आता मकरपुऱ्यात टाइल्स विकतो,
अजून फोन करून विचारतो,
सतरामध्ये काय लिहू?
थांब, म्हणतो मी.

सहा वर्षं झाली.
शांताबेन तराजू धरून उभी आहे.
हात दुखत असेल तिचा.